किलोमागे ८६ पैसे

ऑक्टोबर २०२४ मध्ये लासलगावहून दिल्लीला कांद्याची अख्खी मालगाडी गेली होती, आठवत असेल. दिवाळीच्या तोंडावर तिकडे भाव चढले होते म्हणून केंद्र सरकारने आपल्या बफरमधला, म्हणजे राखीव साठ्यातला कांदा रेल्वेने पाठवला, ४२ डबे, १६०० टन, आणि तिला नाव पडलं कांदा एक्सप्रेस. तेव्हा सरकारनेच हिशोब सांगितला होता की नाशिकहून दिल्लीला एक रेक, म्हणजे अख्खी मालगाडी न्यायला रेल्वेने ७० लाख २० हजार लागतात आणि तोच माल ट्रकने न्यायचा तर ८४ लाख. झालं, आमच्या सगळ्या ग्रुपवर दोन दिवस तेच, की बघा सरळ सरळ १३ लाख ८० हजार वाचतायत आणि आपले व्यापारी अजून ट्रकच्या मागे, अडाणी ते अडाणीच राहणार, ट्रान्सपोर्ट लॉबी काही होऊ देत नाही वगैरे वगैरे.

मी पण भागाकार केला. १३ लाख ८० हजार भागिले १६०० टन, टनाला ८६२ रुपये, किलोला ८६ पैसे. कमी नाहीयेत, कांद्याच्या धंद्यात ८६ पैशांसाठी लोक रात्र रात्र जागतात. मग हे ८६ पैसे उचलायला कोणी पुढे का येत नाही? लोक अडाणी आहेत हे उत्तर मला कधीच पटलं नाही, कारण लासलगावचा व्यापारी आणि अडाणी हे दोन शब्द एका वाक्यात बसत नाहीत.

माझं सांगायचं तर आमच्या अण्णांचा स्वतःचा दहा टायरचा ट्रक होता, एकच, शेवटपर्यंत एकच, आणि मी गेली एकोणीस वर्षं नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात डिस्पॅच बघतोय. म्हणजे लहानपण ट्रकच्या आत गेलं आणि नोकरी ट्रकच्या बाहेर उभं राहून ड्रायव्हरशी हुज्जत घालण्यात. त्यामुळे मालवाहतूक बदलली पाहिजे असं कोणी म्हटलं की मला आधी गोणी दिसते.

तर गोणीपासूनच सुरू करू. १६०० टन म्हणजे पन्नास किलोच्या ३२ हजार गोण्या. कांदा ट्रकने जातो तेव्हा काय होतं, ट्रक व्यापाऱ्याच्या खळ्यावर लागतो, बायकांनी निवडलेला माल गोण्यांत भरून शिवलेला असतो, हमाल पाठीवर घेऊन तो हौद्यात थर लावतात, ताडपत्री, दोरखंड, निघाला. दिल्लीच्या आझादपूर मंडईत उतरतो. गोणी दोनदा उचलली गेली. रेल्वेने जातो तेव्हा खळ्यावर ट्रकमध्ये, स्टेशनच्या मालधक्क्यावर ट्रकमधून वॅगनमध्ये, तिकडे वॅगनमधून परत ट्रकमध्ये आणि मग मंडईत, म्हणजे चारदा. कांदा काही सिमेंट नाही, प्रत्येक आपटण्यात साल सुटतं आणि डाग पडतो. दोन जादा उचलींचे गोणीला दहा दहा रुपये धरा, किलोला चाळीस पैसे तिथेच गेले, वर दोन्ही टोकांना छोट्या ट्रकचं भाडं, वर वॅगन ठरलेल्या तासांत रिकामी झाली नाही तर रेल्वेचा डॅमरेज, म्हणजे उशिराचा दंड, आणि तो पावसापाण्याचं बघत नाही.

बरं हे पण सोडा. मोठी गोष्ट पुढे आहे. चाळीस रुपये किलो भाव धरला तर १६०० टन म्हणजे ६ कोटी ४० लाखांचा कांदा. एवढा माल एका वेळी घेऊन ठेवणारे किती जण आहेत? बाकीचा व्यापारी काय करतो, आज एक गाडी भरतो, दहा-बारा लाखांची, ती पोचून पैसे फिरले की पुढची. शेतकऱ्याला पैसे नियमाने लगेच द्यायचे आणि तिकडून पैसे यायचे त्यांच्या सवडीने. आणि सगळ्यात गंमत म्हणजे एकदम १६०० टन दिल्लीत उतरला की भाव बसतो. सरकारला तेच तर हवं होतं, त्यासाठीच गाडी पाठवली होती! व्यापाऱ्याला नेमकं तेच नकोय. एकाच गाडीकडे दोघं बघतायत, एकाला भाव पाडायचाय आणि दुसऱ्याला टिकवायचाय, आणि आपण म्हणतो सरकारला जमलं मग ह्यांना का नाही.

ट्रकची अजून एक खुबी आहे जी कुठल्याच तक्त्यात येत नाही. गाडी धुळे-इंदूर करत ग्वाल्हेरच्या पुढे गेलेली असते आणि खळ्यावरून फोन येतो, दिल्ली नको, आग्र्याहून कानपूर पकड, तिकडे आवक कमी आहे. कांद्याला जीएसटी नाही, त्यामुळे ई-वे बिलाची कटकट नाही, ड्रायव्हर थोडी कुरकुर करतो, दोन-चार हजार वाढवून घेतो आणि वळतो. म्हणजे व्यापारी भाडं देतो ते नुसतं नेण्याचं नाही, दीड दिवस निर्णय लांबवण्याचं पण देतो. चालतं गोदाम आहे ते. ४२ डब्यांची गाडी झाशीहून वळवून दाखवा एका फोनवर.

आणि उधारी. अण्णांची एक लाल कापडी बाइंडिंगची वही होती, रबर लावलेली, कारण तिची शिवण उसवली होती. डावीकडे भाडं, मग अॅडव्हान्स, मग डिझेल, टोल, भत्ता, आणि शेवटचा रकाना बाकी. बाकीचा रकाना कधी रिकामा नसायचा. भाड्याच्या निम्मे नाहीतर साठ-सत्तर टक्के भरताना मिळायचे, उरलेले पोचपावती परत आल्यावर, आणि पोचपावती आल्यावर म्हणजे महिना, दीड महिना, कधी तीन. एकदा तर एका पार्टीने घट निघाली म्हणून बाकीतून एवढे कापले की अण्णांनी वहीत त्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि महिनाभर त्या रस्त्यानेच गाडी नेली नाही. लहानपणी मला वाटायचं अण्णा गाडी चालवतात, मोठेपणी कळलं की ते बिनव्याजी पैसे वाटत फिरतायत. पंपवाला त्यांना उधार देतो, ते ट्रान्सपोर्टवाल्याला, तो व्यापाऱ्याला. रेल्वे आधी पैसे घेते आणि मग चाक फिरतं. आता ज्याचा धंदाच दुसऱ्याच्या पैशावर चाललाय त्याला तुम्ही ८६ पैशांची सूट देऊन म्हणताय रोख भर, तो कशाला भरेल?

हे सगळं मी कांद्यावर बोलतोय कारण लांबून बोलणं सोपं. आता स्वतःची फजिती सांगतो.

सात-आठ वर्षांपूर्वी आमच्याकडे नवीन मॅनेजमेंट आली आणि ठरलं की आता कार्टन सुटे भरायचे नाहीत, सगळं पॅलेटवर जाईल. लाकडी पॅलेट, १२०० बाय १०००, चारशे मागवले. प्रेझेंटेशन मीच केलं होतं, लपवत नाही. एक गाडी भरायला अडीच तास लागतात ते चाळीस मिनिटांवर येणार, हमाल बाराऐवजी चार, मोडतोड कमी. सगळं बरोबर होतं. आयशरचा हौदा सात फुटी आणि एक मीटरचे दोन पॅलेट शेजारी म्हणजे साडेसहा फूट, कागदावर आरामात बसतात. पण आपल्या ट्रकच्या हौद्याला आतून पोचे असतात, कडेला दोर बांधायचे हूक असतात, फळ्या वर-खाली झालेल्या असतात. पहिल्याच दिवशी फोर्कलिफ्टने फाळक्यावर पॅलेट ठेवला, आत ढकलायला ट्रॉली घातली आणि ट्रॉलीचं चाक दोन फळ्यांच्या फटीत. चाळीस मिनिटं तिथेच गेली. आमच्याकडे डॉक, म्हणजे हौद्याच्या उंचीचा ओटा नाही, गाडी जमिनीवर उभी राहते, त्यामुळे फोर्कलिफ्ट आत जाऊ शकत नाही. शेवटी बाराही हमाल बोलावले आणि त्यांनी तो पॅलेट उचलून आत नेला. मुकादम माझ्याकडे बघून काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

तरी दोन महिने रेटलं. भिवंडीच्या गोदामात फोर्कलिफ्ट नव्हतं, तिथले हमाल प्लास्टिकचं गुंडाळलेलं कापायचे, कार्टन एक एक करून उतरवायचे आणि पॅलेट कंपाउंडच्या कडेला टाकायचे. तिकडची हमाली काही कमी झाली नाही, उलट पॅलेट बाजूला करायचे म्हणून जादा मागितले. पॅलेटच्या उंचीमुळे वरचा एक थर कमी बसायचा, भाडं तेवढंच, म्हणजे प्रत्येक गाडीत आम्ही हवा भरून नेत होतो. आणि रिकामे पॅलेट परत कोण आणणार? ट्रकवाल्याला परतीचं भाडं लागतं, भिवंडीहून किराणा नाहीतर कापड भरून यायचं तर तो तुमची लाकडं कुठे ठेवेल. चारशेतले एकसष्ट परत आले. पुढे एकदा चांदवडकडे एका ओळखीच्यांच्या कांदाचाळीत गेलो होतो तर खाली आमचे पॅलेट, आमच्या कंपनीचा शिक्का असलेले, वरती कांदा आणि खालून मस्त हवा खेळती. मी त्यांना म्हटलं कुठून घेतले, तर म्हणे भिवंडीहून येणाऱ्या एका गाडीवाल्याने दिले, फार उपयोगी वस्तू आहे.

आता ह्यात कोण चुकलं सांगा. वेळ वाचणार होता तो आमचा, खर्च होणार होता ट्रकवाल्याचा हौदा नीट करण्यात, भिवंडीवाल्याचा फोर्कलिफ्ट घेण्यात आणि हमालांचा रोजगारात. बचत एका खिशात आणि भुर्दंड तीन खिशांत. आम्ही त्या तिघांना विचारलं पण नव्हतं, मेल टाकला होता फक्त, तोही हमालांना नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की मालवाहतूक बदलत नाही ह्याचं कारण रस्ते नाहीत, इंजिनं नाहीत, आणि लोकांची मानसिकता तर अजिबात नाही. तिच्यात सात-आठ जणांचे खिसे एकमेकांना शिवलेले आहेत, आणि बदलाची गोष्ट करणारा माणूस नेहमी ज्या खिशात बचत पडणार त्याच्याच बाजूचा असतो.

याच जिल्ह्यात उलटं उदाहरण आहे म्हणून हे मी ठामपणे बोलतो. द्राक्षं बघा. पिंपळगाव, दिंडोरी, निफाडच्या पॅकहाउसमध्ये जाऊन या सीझनला, अर्धा किलोचे पनेट, पाच किलोचा बॉक्स, बॉक्स पॅलेटवर, प्रीकूलिंग, आणि थेट रीफर म्हणजे थंड कंटेनरमधून जेएनपीटी बंदराला. तेच शेतकरी, तेच तालुके, कधी कधी तर एकाच घरात मोठा भाऊ कांदा गोणीत भरतोय आणि धाकटा द्राक्षं पॅलेटवर लावतोय. मग द्राक्षात हे कसं जमलं? कारण दुसऱ्या टोकाला युरोपातलं सुपरमार्केट बसलंय, ते म्हणतं असा बॉक्स, एवढं तापमान, नसेल तर माल नको, आणि त्याचे पैसे भावात धरतं. डॉक एकाच उंचीचे का होतात, तर ठरवणारा एकच आहे आणि पैसे देणाराही तोच. लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या शेवटापासून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, प्रवास दोनेक आठवड्यांनी वाढला, तरी कोणी म्हटलं नाही की चला आता द्राक्षं गोणीत भरू. साखळी टिकली. कांद्याच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे? आझादपूरचा आडत्या, त्याच्या पुढे शंभर छोटे, त्यांच्या पुढे हातगाडी. पॅलेट हवाय असं म्हणणारा त्यात कोणीच नाही.

कंटेनरचीही गोष्ट सगळे अर्धीच सांगतात. २६ एप्रिल १९५६ ला माल्कम मॅक्लीन नावाच्या अमेरिकन ट्रकवाल्याने आयडियल एक्स नावाच्या जुन्या टँकर जहाजावर ५८ खोके चढवले आणि नेवार्कहून ह्युस्टनला पाठवले. जहाजावर सुटा माल चढवायला टनाला ५ डॉलर ८६ सेंट पडायचे, त्याच्या हिशोबाने खोक्यात ते १६ सेंटवर आले. इथे ती गोष्ट सांगणारा व्हिडिओ संपतो, आणि लोकांना वाटतं दुसऱ्या दिवशी जग बदललं. कुठलं काय. सोळा सेंट कळूनही पुढची दहा वर्षं बहुतेक बंदरं जुन्याच पद्धतीने चालू होती. क्रेन कोणी घ्यायची, जहाजं कोणी कापायची, खोका किती फुटांचा ह्यावरच वर्षं गेली. १९६७ मध्ये अमेरिकन सैन्याला व्हिएतनाममध्ये सामान पोचत नव्हतं, बंदरात जहाजं तुंबली होती, तेव्हा त्यांनी मॅक्लीनच्या कंपनीला काम दिलं, कॅम रान्ह बे बंदरासाठी. एकच गिऱ्हाईक, पण एवढं मोठं की जाण्याचं भाडं त्यातच वसूल. मग परत येताना जहाजं रिकामी होती, ती जपानला थांबवून तिथला माल भरून आणायला लागले. म्हणजे जगातला सगळ्यात मोठा बदल पण शेवटी परतीच्या भाड्यावर सुटला! अण्णांना हे सांगितलं असतं तर म्हणाले असते ह्यात नवीन काय.

पण मला त्यातलं दुसरंच पान जास्त महत्त्वाचं वाटतं, कोणी वाचत नाही ते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांची युनियन, हॅरी ब्रिजेस तिचा नेता, एकदम कडवा डावा माणूस. त्याने १९६० मध्ये मालकांशी करार केला की यंत्रं आणा, आम्ही अडवणार नाही, पण मालकांनी दरवर्षी पन्नास लाख डॉलर एका फंडात टाकायचे, त्यातून म्हाताऱ्यांना लवकर निवृत्ती आणि उरलेल्यांना कमीत कमी पगाराची हमी. तिकडच्या कामगारांतही ह्यावरून भांडणं झाली, सगळे काही खूश नव्हते. पण वाटा आधी ठरला आणि यंत्र नंतर आलं.

आपल्याकडे काय होतं ते एप्रिल २०२४ मध्ये पाहिलंच. हमाली, तोलाई आणि माथाडी (ओझं उचलणारे) नि मापारी (वजन करणारे) यांच्यासाठी माथाडी बोर्डात भरायच्या लेव्हीच्या वादावरून जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमधले कांद्याचे लिलाव कित्येक दिवस बंद. ट्रॅक्टर आता इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढतो, वजन आकड्यात दिसतं, मग मापाऱ्याने मोजलं काय आणि लेव्ही कसली, हा एक पक्ष. आमच्या हक्काचे पैसे आहेत, १९६९ च्या माथाडी कायद्याने आहेत, माथाडी नेते अण्णासाहेब पाटलांनी भांडून मिळवलेत, हा दुसरा. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे, आणि म्हणूनच ते सुटत नाही. काटा बसवला तेव्हाच ठरवायला हवं होतं की मापाऱ्याचं काय. तेव्हा कोणी ठरवलं नाही, मग ती गोष्ट कोर्टात आणि बंदमध्ये ठरवायची वेळ आली, आणि मधल्यामध्ये शेतकरी उन्हात ट्रॉली घेऊन उभा.

रस्त्यावर ह्याचंच भावंड म्हणजे वाराई. माल भरायला-उतरवायला गेलेल्या ट्रकवाल्याकडूनच पैसे घ्यायचे, माल त्याचा नाही, खरेदी त्याची नाही, विक्री त्याची नाही, तरी त्याने द्यायचे. ट्रान्सपोर्टवाले वर्षानुवर्षं ओरडतायत, ज्याचा माल त्याचा हमाल. नाशिकच्या द्वारका चौकापासून आडगावच्या ट्रक टर्मिनलपर्यंत कुठल्याही ऑफिसात जा, भिंतीवर नाहीतर बिल्टीवर हे वाक्य सापडेल. पण गंमत बघा, हे वाक्य ओरडणारेच उद्या पॅलेट आले तर म्हणतील हौदा आम्ही का बदलू, ज्याचा माल त्याचा हौदा. आणि त्यांचंही बरोबरच असेल.

किसान रेल्वेचं काय झालं असं विचारणारे आहेत, विचारा. ७ ऑगस्ट २०२० ला देशातली पहिली किसान रेल्वे आपल्या देवळालीहूनच निघाली, दानापूरला, १५१९ किलोमीटर साधारण बत्तीस तासांत. मला ती आवडली होती, प्रामाणिकपणे. कारण तिच्यात अख्खा रेक भरायची अट नव्हती, दहा क्रेट डाळिंब, पाच क्रेट सिमला मिरची पण चालायची, मधल्या स्टेशनवर चढ-उतार होती. ज्याने ती आखली त्याला छोट्या माणसाची अडचण कळली होती. पण भाडं परवडत होतं ते अर्ध्या अनुदानावर, अनुदान थांबलं तसा उत्साह ओसरला आणि गाडीही. आणि दानापूरहून इकडे येताना काय आणायचं हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. रेल्वेलाही परतीचं भाडं लागतं, फक्त ती अण्णांसारखं बोलून दाखवत नाही.

डेडिकेटेड फ्रेट कॉरिडॉरवर, म्हणजे फक्त मालगाड्यांसाठीच्या वेगळ्या रेल्वेमार्गावर पण लोकांची फार आशा आहे. कंपनी २००६ ची, पश्चिमेचा मार्ग दादरी ते जेएनपीटी १५०६ किलोमीटर, आणि सगळ्यात जास्त रखडला तो आपल्याच टोकाचा वैतरणा ते जेएनपीटी तुकडा. शिवाय तो जातो गुजरातमधून, नाशिकला त्याचा थेट उपयोग नाही. आपल्या वाट्याला १८६५ चा थळ घाट, ३७ ला १ चा चढ, मालगाडीला मागून अजूनही बँकर इंजिनं लावावी लागतात. निफाडच्या ड्रायपोर्टचं, म्हणजे जमिनीवरच्या कंटेनर बंदराचं तर मी बोलतच नाही, त्याची भाषणं ऐकत माझा मुलगा पाचवीतून इंजिनिअरिंगला गेला.

मग काहीच बदलत नाही का? असं नाही. जकात गेली ना. नाशिकच्या विल्होळी नाक्यावर गाड्यांच्या रांगा, मुंबईत शिरताना तर रात्र रात्र, अण्णा स्टोव्ह घेऊनच निघायचे. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर संपली आणि एका रात्रीत नाके ओस पडले. एका रात्रीत, कारण ती काढून टाकायची गोष्ट होती. कोणाला हौदा बदलायचा नव्हता, कोणाला क्रेन घ्यायची नव्हती, नाक्यावरच्या दलालांचं पोट गेलं पण ते बोलणार कुठे. २०१८ मध्ये अॅक्सल लोड वाढवला, तीन अॅक्सलच्या गाडीचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन झालं, तेही कागदावर एका दिवसात झालं आणि लोकांनी लगेच घेतलं, ओव्हरलोड तर आधीपासूनच चालू होतं, आता निम्मं कायदेशीर झालं. फायदा कोणाला, तर भाडं पाडणाऱ्याला. एका फेरीत जास्त माल म्हणजे कमी फेऱ्या, आणि गाड्या तेवढ्याच.

रस्ता नवा झाला की वाहतूक बदलते हे पण अर्धंच खरं आहे. समृद्धीचा शेवटचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला, कारने जाणारे आमचे सगळे साहेब खूश, बोगद्याचे व्हिडिओ. आमच्या गाडीवाल्याला मी विचारलं की तू समृद्धीने का नाही जात, तासभर वाचेल. तो म्हणाला तासभर वाचवून पहाटे चारला भिवंडीत गेटबाहेर झोपायचं ना, गेट तर दहाला उघडतं. टोल माझ्या खिशातून आणि झोप पण माझीच. ह्याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाचलेल्या वेळाला गिऱ्हाईक नसेल तर तो वेळ वाचला असं म्हणायचं का?

आणि ड्रायव्हर हा तर ह्या सगळ्या हिशोबात कुठेच नसतो, तो दिसतो फक्त थांबला की. १ जानेवारी २०२४ ला हिट अँड रनच्या नव्या कलमावरून मनमाडजवळच्या पानेवाडी इंधन डेपोचे टँकर ड्रायव्हर संपावर उभे राहिले, दहा वर्षांच्या शिक्षेची भीती, आणि दोन दिवसांत पंपांवर काय रांगा लागल्या, नाशिकमध्ये आपण सगळेच बाटल्या घेऊन उभे होतो. नवीन कायदे जुलैत लागू झाले तेव्हा ते कलम तेवढं बाजूला ठेवलं. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, चांगलं झालं, पण अण्णांसारख्या एक गाडीवाल्याकडे ती केबिन सेकंडहँड होऊन यायला अजून दहा वर्षं, आणि तेव्हाही डिझेल वाचवायला तो एसी बंदच ठेवणार, कारण डिझेल त्याचं.

अॅपवाले येऊन जातात दर दोन वर्षांनी, टॅबलेट घेऊन, दलाल संपवणार म्हणतात. दलाल संपत नाही कारण रात्री दोनला सेंधव्याजवळ गाडी बंद पडली की अॅप फोन उचलत नाही.

आमच्याकडे आता परत पॅलेटची फाइल वर आली आहे, नवीन शेड होतेय, ह्या वेळी डॉक पण आहे. मी ह्या वेळी एक गोष्ट वेगळी केली. प्रेझेंटेशनच्या आधी मुकादमाला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि विचारलं की बाराचे चार झाले तर तुम्हाला काय पाहिजे. तो थोडा वेळ चहाकडेच बघत बसला, म्हणाला भाऊ हे कधी कोणी विचारलं नाही, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी वहीचं पान घेऊन आला. बारा नावं, पुढे वय. चार नावांखाली रेघ मारलेली, सगळे पंचावन्नच्या वरचे. म्हणाला ह्यांना पगार चालू ठेवून घरी बसवा, पाठी गेल्या आहेत त्यांच्या. चार जण फोर्कलिफ्ट शिकतील, माझा पोरगा धरून. उरलेल्या चौघांचं माथाडी बोर्डाचं कार्ड बंद पडू देऊ नका, काम कमी असलं तरी चालेल.

हॅरी ब्रिजेसचं नाव त्याने कधी ऐकलेलं नाही. मी हिशोब करून बघितला, पहिल्या तीन वर्षांची बचत जवळजवळ सगळी त्यात जाते, चौथ्या वर्षापासून कंपनीला सुटायला लागते. पान झेरॉक्स काढून फाइलला लावलंय. वरून एकदा परत आलंय, शेरा आहे की हा विषय एचआरचा आहे, डिस्पॅचचा नाही. मी परत पाठवलंय.